पत्त्यांची जादू शिकायची, पण सुरुवात कुठून?

प्रश्न : परीक्षा संपली आहे. आमच्याकडं उन्हाळ्यात दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही, म्हणून घरात पत्ते रंगतात. मला पत्त्यांची जादू शिकायची आहे, पण जवळपास शिकवणारं कुणी नाही. त्यासाठी हात जन्मतःच चपळ असावे लागतात का?
– एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : नाही. हाताची चपळाई सरावानं येते, आणि पहिल्या खेळाला तर तीही लागत नाही.

कॅटमधले कोणतेही २१ पत्ते घ्या. पहिला पत्ता पहिल्या ओळीत, दुसरा दुसऱ्या, तिसरा तिसऱ्या, असे उघडे मांडत सात-सातच्या तीन उभ्या ओळी करा. समोरच्यानं एक पत्ता मनात धरायचा आणि फक्त ओळ सांगायची. गोळा करताना ती ओळ बाकीच्या दोन ओळींच्या मधे ठेवा. न पिसता पुन्हा मांडा, पुन्हा विचारा. असं तीनदा केलं, की गठ्ठ्यातला अकरावा पत्ता त्याचाच.

यामागं गणित आहे. पहिल्या उत्तरानं २१ पैकी ७ पत्ते उरतात. पुढच्या मांडणीत ते सात तिन्ही ओळींत विखुरतात, म्हणून दुसऱ्या उत्तरानंतर दोन किंवा तीनच उरतात. तिसऱ्या वेळी ते वेगवेगळ्या ओळींत पडतात आणि पत्ता सापडतो.

दुसरा खेळ खुणेच्या पत्त्याचा. पिसून झाल्यावर तळाचा पत्ता हळूच पाहून ठेवा. समजा, इस्पिकची राणी. समोरच्यानं निवडलेला पत्ता पालथ्या कॅटवर ठेवायला सांगा. मग कॅट काटून खालचा भाग वर ठेवा. राणी आता त्याच्या पत्त्याला चिकटून वर बसते. वरून एकेक पत्ता उघडत जा. राणीमागून येणारा पत्ता त्याचा. इथं खरी कसोटी नजरेची. तळाचा पत्ता पाहताना बोलणं थांबलं, की लोकांना संशय येतो. म्हणून सराव आरशासमोर आणि बोलत बोलत करा. एकाच बैठकीत तोच खेळ दुसऱ्यांदा दाखवू नका. दुसऱ्या वेळी लोक तुमचे हात पाहतात.

ही विद्या शिकून येते, वाढते. पुण्याचे जादूगार रघुवीर, म्हणजे रघुवीर भोपळे, यांनी देशोदेशी प्रयोग केले, ‘प्रवासी जादूगार’ हे पुस्तक लिहिलं. पुढं मुलानं आणि नातवानंही ही कला चालवली.

एक पथ्य मात्र कायम पाळा. अंगात शक्ती आहे, असं कधीही भासवू नका. चमत्काराच्या नावाखाली लोकांना फसवणं हा राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे; करमणुकीची जादू नव्हे. तेव्हा ‘ही हातचलाखी आहे’ असं आधीच सांगा. आज दुपारी घरच्यांपुढं २१ पत्त्यांचा खेळ करून पाहा, आणि तो सलग दहादा न चुकता जमला, की मगच दुसऱ्याकडं वळा.