उघड्या खड्ड्याचे देणे

शास्त्रपाठ : निर्गम २१:२८-३४; प्रेषितांची कृत्ये २५:९-१२; रोमकरांस पत्र १२:१७-१९.

समजा, बाजाराहून पायी परतणाऱ्या एका बंधूस टेंपोने ठोकर दिली व तो मरण पावला. टेंपोचा विमा उतरलेला नाही. मालक चार प्रतिष्ठितांस घेऊन विधवेच्या दारी येतो, दहा हजार रुपये पुढे करितो व कागदावर अंगठा मागतो. मंडळीतील कोणी म्हणतो, "बाई, ख्रिस्ती माणसाने क्षमा करावी, कोर्टाची पायरी चढू नये." हा उपदेश खरा आहे काय?

मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे, ज्याने खड्डा उघडा ठेविला त्याने, त्यात पडून मेलेल्या जनावराचे मोल धन्यास भरून द्यावयाचे होते. हा सूड नव्हे; ही हानीची भरपाई होय. जनावराविषयी देवाची इतकी काळजी, तर विधवा व पोरकी लेकरे यांविषयी किती अधिक! पौलानेही फेस्तापुढे कैसराजवळ दाद मागितली. प्रेषिताने सूड वर्ज्य केला आहे, न्याय नव्हे. क्षमा ही अंतःकरणाची गोष्ट. भरपाई ही लेकरांच्या भाकरीची.

आता देशाचा कायदा पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने त्रयस्थांच्या हानीचा विमा प्रत्येक गाडीस सक्तीचा केला आहे. तो नसला म्हणून देणे चुकत नाही. ते चालक व मालक यांच्याच माथी राहते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे, आपण राहतो त्या जिल्ह्यातही, अर्ज करिता येतो. २०१९ च्या दुरुस्तीने याची मुदत अपघातापासून सहा महिने ठरविली. म्हणून विलंब करू नये. निकालानंतरही मालकाने रक्कम न दिल्यास ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यामार्फत वसूल होऊ शकते. मात्र मालक निर्धन असल्यास वसुली मंद चालते, हेही विधवेस प्रामाणिकपणे सांगावे.

ठोकर देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही, तर सरकारी योजनेतून मृत्यूबद्दल २ लाख व गंभीर दुखापतीबद्दल ५० हजार रुपये मिळतात. त्यासाठी प्रांत अथवा तहसीलदार यांच्या कचेरीत विचारावे.

उपदेशकांनी इतके करावे : गाडीचा क्रमांक टिपावा, पोलिसांतील फिर्याद, पंचनामा व शवचिकित्सेचा अहवाल यांच्या नकला, दवाखान्याच्या पावत्या व मृताच्या कमाईचा पुरावा जपून ठेवावा, न वाचलेल्या कागदावर कोणाचा अंगठा उठू देऊ नये. स्त्रिया व मुले यांस जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून, मिळकत कितीही असो, वकील फुकट मिळतो.

शेवटी, बंधूंनो, आपल्याही दारी दुचाकी उभी आहे. तिच्या विम्याची मुदत संपली असेल, तर उघडा खड्डा आपलाच होय.

विचारार्थ प्रश्न : १. सूड व भरपाई यांत भेद कोणता? २. आपल्या मंडळीत कोणाच्या गाडीचा विमा सरला आहे? ३. अशा विधवेबरोबर कचेरीत कोण जाईल?