परीक्षेआधी एकदा काउंटरच्या आत

मे महिना लागला की आमच्या वाणिज्य विभागात पालकांचे फोन सुरू होतात. विचारणं एकच. "मॅडम, मुलीला बँकेत इंटर्नशिपला पाठवताय ते ठीक, पण पुढं तिथंच चिकटेल ना?" चिकटणार नाही. हे मी पहिल्याच वाक्यात सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जातं. सरकारी बँकेत क्लार्क व्हायचं तर आयबीपीएसची किंवा स्टेट बँकेची परीक्षाच द्यावी लागते. शाखेतल्या साहेबांनी पाठ कितीही थोपटली तरी तो रस्ता चुकत नाही. तरीही मी मुलांना पाठवते. वर शाखेला विनंती करते की यांना आतल्या खोलीत फायली लावायला बसवू नका, थेट खातेदारांसमोर बसवा.

त्यामागे माझं एक गाऱ्हाणं आहे. स्टेट बँकेच्या जाहिरातीत या पदाचं नाव असतं 'ज्युनिअर असोसिएट', आणि पुढे कंसात 'कस्टमर सपोर्ट अँड सेल्स'. आयबीपीएसनेही २०२५च्या भरतीपासून क्लार्क हा शब्द सोडला आणि 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणायला सुरुवात केली. म्हणजे काम काय ते पाटीवरच लिहिलंय. परीक्षेत मात्र गणित, बुद्धिमत्ता, इंग्रजी आणि सामान्य ज्ञान. या पदाला मुलाखतही नसते. आपला मुलगा समोरच्या माणसाशी चार शब्द धड बोलू शकतो का, हे नेमणूक होईपर्यंत कोणी बघतच नाही, आणि त्याचं त्यालाही ते माहीत नसतं. क्लासमध्ये दोन-तीन वर्षं घालवून, घरच्यांनी पेढे वाटून झाल्यावर, तिसऱ्याच महिन्यात "मॅडम, रोज तेच तेच ऐकून डोकं फिरतं हो" असं सांगणारे माझे जुने विद्यार्थी आहेत. त्यांनी तयारीला लागण्याआधी महिनाभर काउंटरच्या आत काढला असता तर?

नव्या शैक्षणिक धोरणामुळे आता याला निमित्तही मिळालंय. एम.कॉम.च्या पहिल्या वर्षी ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण) असते, चार क्रेडिटची, म्हणजे १२० तास. रोज पाच तास धरले तर चोवीस दिवस. मुलं डायरी लिहितात, शाखेतले साहेब सही करतात, आम्ही गुण देतो. बहुतेक डायऱ्या वाचवत नाहीत. 'आज केवायसीची माहिती घेतली', 'आज कर्जाचे प्रकार समजून घेतले'. पण २०२५च्या उन्हाळ्यात एका मुलीची डायरी मी दोनदा वाचली. वडील एसटीत कंडक्टर, आई शिवणकाम करते, शाखा तालुक्याच्या गावातली. एवढी ओळख पुरे.

पहिल्या दिवशी तिला दाराजवळचं टेबल मिळालं. वर 'मे आय हेल्प यू'ची पाटी, पंख्याचा वारा पोचत नाही, आणि शाखेतलं कोणी आपणहून तिथं बसत नाही. बाजूला पासबुक छापायचं मशीन. तीन दिवस तिने लोकांची पासबुकं मशीनमध्ये सरळ घालून दिली. चौथ्या दिवशीची नोंद अशी: 'पदव्युत्तर शिक्षण घेऊन मी हे करतेय.' मला हसू आलं, पण राग खरा होता. पालकही हेच म्हणतात, "नुसत्या झेरॉक्स काढायला लावतील." लावतील. पहिला आठवडा तसाच जातो.

पाचव्या दिवशी एक बाई आल्या. लाडकी बहीणचा हप्ता वाडीतल्या सगळ्यांना आला, यांनाच नाही. मुलीने पासबुक छापलं, नजर फिरवली आणि म्हणाली, "मावशी, पैसे आले नाहीत." बाई पायरीपर्यंत गेल्या असतील-नसतील, मागच्या काउंटरवरच्या जुन्या मॅडमनी त्यांना हाक मारून परत बोलावलं. "ताई, दुसऱ्या कुठल्या बँकेत कधी खातं काढलं होतं का? ते जनधनचं, शून्य रुपयांत?" काढलं होतं, कोणे एके काळी गावात शिबिर लागलं होतं तेव्हा. सरकारी योजनेचे पैसे आधार क्रमांकावरून येतात आणि आधार शेवटी ज्या बँकेशी जोडलेलं असेल तिथंच पडतात. आपण अर्जात कुठला खातेक्रमांक लिहिला याला तिथं किंमत नसते. बाईंचे पैसे त्या विसरलेल्या खात्यात पडत होते. त्या गेल्यावर मॅडम मुलीला एवढंच म्हणाल्या, "'आले नाहीत' म्हणू नये. 'इथे आले नाहीत' म्हणावं." डायरीत तो 'इथे' दोनदा अधोरेखित केलेला आहे. काउंटरवरचं काम शिकवणारा इतका नेमका धडा मला तीस वर्षांत वर्गात देता आलेला नाही.

दुसरा धडा मोबाइलचा. म्हातारी माणसं सरळ फोन पुढे करतात, "पोरी, तूच टाक गं तो नंबर," आणि पिनही मोठ्यांदा सांगतात. फोन हातात घ्यायचा नाही, बोट दाखवून सांगायचं आणि पिन टाकायच्या वेळी मान वळवायची, हे तिला शाखेने शिकवलं. मान वळवली की काही आजोबा रागावतात, म्हणे आमच्यावर विश्वास नाही का! आणि घरी गेल्यावर वेगळीच परीक्षा. काकू चहा देता देता विचारतात, "त्या समोरच्यांची ठेव किती आहे गं?" मुलीने सांगितलं नाही, काकू आठवडाभर बोलल्या नाहीत. पालकांनो, हे तुमच्यासाठी लिहितेय. गावातल्या शाखेत तुमचं पोर जातंय, तर त्याला असले प्रश्न तुम्ही तरी विचारू नका.

आता जागा कशी मिळवायची ते. कॉलेजचं पत्र घेऊन शाखेत स्वतः जा, पण महिनाअखेर, पगाराचा दिवस आणि बाजारचा दिवस टाळून. राष्ट्रीयीकृत बँकेची शाखा बऱ्याचदा वरच्या कार्यालयाकडे बोट दाखवते. नागरी सहकारी बँका आणि बऱ्या पतसंस्था लवकर हो म्हणतात, आणि तिथं शिकायलाही जास्त मिळतं, कारण माणसं कमी असतात. मानधन बहुधा नसतं. पदवी हातात असेल आणि पैशांची गरज असेल तर सरकारी बँकांच्या अप्रेंटिस भरतीवर लक्ष ठेवा. स्टेट बँकेने २०२३ मध्ये ६,१६० जागा काढल्या होत्या, एक वर्ष, महिना १५,००० रुपये. वर्ष संपल्यावर नोकरीची हमी तिथंही नाही. केंद्राची पंतप्रधान इंटर्नशिप योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली तेव्हा वयाची अट २१ ते २४ होती आणि महिना ५,००० रुपये होते. पूर्णवेळ शिकत असणाऱ्यांना मात्र ती लागू नव्हती.

आणि एका गोष्टीपासून सावध राहा. बँकिंग इंटर्नशिप म्हणून बोलावतात, दुसऱ्या दिवशी हातात विम्याचे आणि क्रेडिट कार्डाचे अर्ज देतात, आणि पहिली दहा गिऱ्हाइकं म्हणजे तुमचे मामा, आत्या नि शेजारी. विक्री वाईट नाही. पदाच्या नावातच ती आहे, आणि बँकेत लागल्यावर टार्गेट कोणाला चुकत नाही. पण शिकायच्या महिन्यात नातेवाईक पणाला लावू नयेत. जाण्याआधीच विचारा: बसवणार कुठे, टार्गेट आहे का, प्रमाणपत्रावर सही कोणाची. अनामत मागितली तर उठून या. आत गेल्यावर कोणाच्या लॉगिनवर काम करू नका, साहेबांनी घाईत स्वतःहून पासवर्ड सांगितला तरी. खातेदाराच्या जागी सही तर कधीच नाही.

पुन्हा त्या डायरीकडे येते. मेच्या शेवटच्या आठवड्यात दाराजवळच्या टेबलावर भांडणंच भांडणं. प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता तेव्हा खात्यातून आपोआप कापला जातो, ४३६ रुपये. अपघात विम्याचे २० वेगळे. "माझे ४३६ बँकेने खाल्ले" म्हणत एक गृहस्थ टेबलावर पासबुक आपटतात. मुलगी त्यांना तुम्हीच अर्जावर सही केलीय असं सांगते. ते म्हणतात, "तुम्ही बोट ठेवलं तिथं केली." याला तिच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. नको असेल तर लेखी द्या, पुढच्या वर्षी कापणार नाहीत, एवढं ती त्यांना सांगू शकली. त्या दिवशीची नोंद: 'शिव्या १, धन्यवाद ०.'

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पीककर्जाची गर्दी. सातबारे, आठ-अ, घामाचा वास. त्यात एक बाई, बरोबर बारा-तेरा वर्षांचा मुलगा. नवरा एप्रिलमध्ये गेला, पंचेचाळिशीही ओलांडली नव्हती. त्याचं खातं बंद करायचंय, शिल्लक अकराशे आणि काही. मृत्यूचा दाखला होता, वारस म्हणून बाईंचं नाव लागलेलं होतं, काम पाच मिनिटांचं. मुलीने फॉर्म पुढे केला आणि मग, कोणी न सांगता, पासबुक उलट उघडलं. पान मागे, आणखी एक पान मागे, मागच्या वर्षीच्या मेच्या अखेरीपर्यंत. फिकट शाईत इंग्रजी अक्षरांचा एक पुंजका आणि पुढे ४३६. ती पासबुक घेऊन मागच्या मॅडमकडे गेली. मॅडमनी चष्मा वर करून पाहिलं, बाईंना आत बोलावून खुर्ची दिली, आणि खातं बंद करण्याचा फॉर्म बाजूला ठेवून दोन लाखांच्या दाव्याचा काढला.

दाव्याचं पुढे काय झालं हे डायरीत नाही, कारण तिचे १२० तास त्याच आठवड्यात भरले. त्या दिवशीची नोंद दोनच ओळींची आहे. '४३६ सापडले. घरी आल्यावर आधी पप्पांचं पासबुक काढून बघितलं.'