महाधिवक्ता होरमसजी सीरवाई : पद आणि विवेक



खर्डी स्थानकावरून लोकलने मुंबईस गेले की आपल्या राज्याचे उच्च न्यायालय पाहावयास मिळते. शहापूर-मुरबाड परिसरातील कुळाचा, वनजमिनीचा अथवा धरणासाठी घेतलेल्या जमिनीचा वाद तेथवर पोहोचला, तर एका बाजूस सामान्य शेतकरी किंवा आदिवासी बांधव असतो आणि दुसऱ्या बाजूस शासन. शासनाच्या वतीने कायदा मांडणारा राज्याचा सर्वोच्च विधी अधिकारी म्हणजे महाधिवक्ता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने घडविलेल्या संविधानात कलम १६५ अन्वये हे पद निर्माण झाले. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्यास पात्र असलेल्या व्यक्तीची नेमणूक राज्यपाल करतात. कलम १७७ नुसार महाधिवक्त्यास विधिमंडळात बोलता येते, परंतु मतदान करता येत नाही. या पदास ठरावीक मुदत नाही. म्हणूनच एका व्यक्तीने ते सलग सतरा वर्षे सांभाळावे, ही गोष्ट अभ्यासण्यासारखी आहे. ती व्यक्ती म्हणजे होरमसजी माणेकजी सीरवाई.

सीरवाई यांचा जन्म ५ डिसेंबर १९०६ रोजी मुंबईतील पारशी कुटुंबात झाला. एल्फिन्स्टन महाविद्यालयात तत्त्वज्ञान आणि शासकीय विधी महाविद्यालयात कायदा, असे त्यांचे शिक्षण झाले. याच विधी महाविद्यालयाचे प्राचार्यपद १९३५ मध्ये बाबासाहेबांनी स्वीकारले होते. सर जमशेदजी कांगा यांच्या हाताखाली सीरवाईंनी वकिलीचे धडे घेतले. १९५७ मध्ये ते तत्कालीन मुंबई राज्याचे महाधिवक्ता झाले. १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. यशवंतराव चव्हाण, मारोतराव कन्नमवार, वसंतराव नाईक असे मुख्यमंत्री बदलले. परंतु सीरवाई १९७४ पर्यंत त्या पदावर राहिले. याच काळात, १९६७ मध्ये, भारतीय संविधानावरील त्यांचा भाष्यग्रंथ प्रथम प्रसिद्ध झाला. या ग्रंथास वेळ देता यावा म्हणून त्यांनी भारताचे महान्यायवादीपदही नाकारले. १९७२ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले.

त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत गाजलेला खटला केशवानंद भारती यांचा. केरळच्या भूसुधारणा कायद्यामुळे मठाची जमीन जाणार होती. तेरा न्यायाधीशांपुढे ६८ दिवस सुनावणी चालली. मठाच्या बाजूने नानी पालखीवाला उभे होते. तेही कांगा यांच्याच परंपरेतले. केरळ राज्याच्या बाजूने सीरवाईंनी मांडले की, संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकारास मर्यादा नाही. हा युक्तिवाद आपणास परका वाटू नये. ज्या वर्षी सीरवाई महाधिवक्ता झाले, त्याच वर्षी १ एप्रिलला आपल्याकडे कूळकायद्याचा कृषक दिन आला आणि कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. मालमत्तेच्या हक्काची भिंत न ओलांडता असे कायदे टिकले नसते.

२४ एप्रिल १९७३ रोजी सात विरुद्ध सहा अशा मतांनी निकाल लागला. संसद घटनादुरुस्ती करू शकते, मात्र संविधानाची मूलभूत चौकट मोडू शकत नाही, असे न्यायालयाने ठरविले. सीरवाईंना ही मर्यादा मान्य नव्हती.

पुढे २५ जून १९७५ रोजी आणीबाणी आली. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी निर्णय दिला की, स्थानबद्ध नागरिकास आपल्या सुटकेसाठी न्यायालयात दाद मागता येणार नाही. न्या. एच. आर. खन्ना एकटे विरोधात राहिले. सीरवाईंनी आपल्या ग्रंथात या निकालावर कठोर टीका केली. इतकेच नव्हे, तर अनिर्बंध सत्ता काय करू शकते हे पाहिल्यावर, ज्या मूलभूत चौकटीस त्यांनी न्यायालयात विरोध केला होता, ती योग्य असल्याचे पुढच्या आवृत्तीत मान्य केले. २६ जानेवारी १९९६ रोजी, प्रजासत्ताक दिनीच, त्यांचे निधन झाले.

मित्रहो, कसणाऱ्यास जमीन देण्यासाठी शासनाचे हात बळकट हवेत. आणि तेच हात आपल्या गळ्याशी येऊ नयेत म्हणून त्यांना मर्यादाही हवी. शोषित समाजाला या दोन्हींची गरज आहे. सीरवाईंनी आयुष्याच्या एका टप्प्यावर पहिली बाजू लढविली आणि अनुभवाने दुसरी स्वीकारली. संविधान कितीही चांगले असले तरी ते राबविणारे लोक कसे आहेत यावर त्याचे यश अवलंबून राहील, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. आपले मत चुकले हे छापील अक्षरांत सांगणारा विधिज्ञ त्या कसोटीस उतरतो. आपल्या वसतिगृहातून उद्या वकील घडतील, त्यांनी पदाबरोबर हा विवेकही जपावा.

विचारासाठी प्रश्न
१. महाधिवक्त्यास विधिमंडळात बोलण्याचा अधिकार आहे, मताचा नाही. असे का असावे?
२. आपल्या गावात कूळकायद्याने जमीन मिळालेली कुटुंबे कोणती? घरातील वडीलधाऱ्यांना विचारून टिपण लिहा.
३. स्वतःचे मत बदलणे आणि स्वार्थासाठी बाजू बदलणे यांत फरक कोणता?