माप आणि वजन : दूध, तेल व औषध

तामलवाडीचा शेतकरी सकाळी दूध लिटराने घालतो, सोलापुराहून तेलाचा डबा कधी किलोने तर कधी लिटराने आणतो, आणि घरी मूल तापाने फणफणले म्हणजे औषध चमच्याने पाजतो. तिन्ही पदार्थ पातळच. परंतु त्यांचे वजन व माप यांचा संबंध प्रत्येक ठिकाणी निराळा. तो विद्यार्थी-बंधुभगिनींस नीट उमगावा व त्यांनी तो घरच्या वडीलधाऱ्यांसही सांगावा, एवढ्यासाठी आम्ही हे चार शब्द लिहीत आहो.

पूर्वी घोटाळा नावातच होता. शेर हे वजनही असे आणि मापही. वजनी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम; मापी शेरात मात्र जिन्नस बदलला की वजन बदले. १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धती आली, तेव्हा वजनास किलो व मापास लिटर अशी स्वतंत्र नावे मिळाली. जुन्या वैद्यांनीही द्रवांचा विचार वेगळा केला होता. शार्ङ्गधरसंहितेत कुडवापर्यंत ओल्या-कोरड्या द्रव्यांचे मान सारखे धरिले आहे, आणि प्रस्थापासून पुढे पातळ व ओली द्रव्ये दुप्पट घ्यावी असे सांगितले आहे. हा झाला वैद्यकातील संकेत. पदार्थविज्ञान प्रत्येक द्रवास त्याची स्वतःची घनता विचारते.

४ अंश सेंटिग्रेडचे १ लिटर पाणी १ किलो भरते. तेच भांडे दुधाने भरल्यास सुमारे १०३० ग्रॅम, करडईच्या तेलाने ९२० ग्रॅम, शेंगदाण्याच्या तेलाने ९१० ग्रॅम, आणि मधाने तब्बल १४०० ग्रॅमच्या आसपास वजन होते. मापास घनतेने गुणिले की वजन येते. वजनास घनतेने भागिले की माप. लॅक्टोमीटर ३० दाखवितो, तेव्हा दुधाची घनता १.०३० आहे एवढेच तो सांगत असतो; पाणी घातले की आकडा उतरतो.

आता डबा घ्या. १५ लिटर शेंगदाणा तेल म्हणजे १५ × ०.९१ = १३.६५ किलो. १५ किलोचा डबा समजून कोणी तो घरी नेला, तर १ किलो ३५० ग्रॅम तेल कमी आले. दुकानदाराशी भांडण्यापूर्वी डब्यावर काय छापले आहे ते वाचावे. बहुधा तेथे दोन्ही आकडे असतात.

औषधाची गोष्ट याहून नाजूक आहे. येथे घनता कामास येत नाही. बाटलीतील पातळ पदार्थ बहुतांशी साखरेचा पाक किंवा पाणी असते. गुणकारी द्रव्य त्यात थोडेसेच विरघळलेले किंवा मिसळलेले असते. ते किती, हे फक्त चिठ्ठी सांगते. तापावरील पॅरासिटामॉलच घ्या. एका बाटलीवर ५ मिलीलिटरांत १२५ मिलिग्रॅम, दुसरीवर ५ मिलीलिटरांत २५० मिलिग्रॅम, आणि तान्ह्यांच्या थेंबांच्या बाटलीवर १ मिलीलिटरातच १०० मिलिग्रॅम असे लिहिलेले आढळते. डॉक्टरांनी एखाद्या बालकास एका वेळी १५० मिलिग्रॅम द्यावयास सांगितले आहे असे समजा. पहिल्या बाटलीतून ६ मिलीलिटर, दुसरीतून ३ आणि तिसरीतून केवळ दीड मिलीलिटर द्यावे लागेल. मागच्या खेपेस ६ मिलीलिटर दिले होते म्हणून या खेपेस थेंबांच्या बाटलीतून तितकेच दिले, तर बालकाच्या पोटात ६०० मिलिग्रॅम, म्हणजे चौपट औषध जाईल. असे अधिक झालेले पॅरासिटामॉल यकृतास इजा करिते, आणि ती इजा पहिल्या दिवशी बाहेरून दिसतेच असे नाही. म्हणून मातापित्यांनी बाटली बदलली की हिशेब नव्याने करावा, व तो साधत नसेल तर औषधविक्रेत्याकडून मिलीलिटरांचा आकडा लिहून घ्यावा.

स्वयंपाकघरातील चमचा या कामी घेऊ नये. घरोघरच्या चमच्यांत ५ मिलीलिटरच मावतात असे नाही. बाटलीबरोबर येणारे खुणांचे टोपण किंवा सुई नसलेली पिचकारी वापरावी. थेंबाचेही तसेच. पाण्याचे साधारण २० थेंब १ मिलीलिटर होतात, पण स्पिरिटाचा थेंब लहान असतो.

मुलांना सोडविण्यासाठी एक उदाहरण देतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सूत्राप्रमाणे जुलाबावरील जलसंजीवनीच्या पुडीत २०.५ ग्रॅम द्रव्य असते व ते १ लिटर पाण्यात मिसळावयाचे असते. एका बाईंनी ती सबंध पुडी ६०० मिलीलिटरांच्या तांब्यात कालविली. दर १०० मिलीलिटरांत किती ग्रॅम द्रव्य झाले, आणि तांब्यातील सर्व द्रावण मोठ्या पातेल्यात ओतून त्यात आणखी किती पाणी घातले म्हणजे ते योग्य प्रमाणात येईल?