घटक ४ : मोफत आणि मुक्त – भाषाशिक्षकासाठी ऑनलाइन साधने

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर तुम्हाला
• ‘मोफत’ साधन आणि ‘मुक्त’ साधन यांतील भेद स्पष्ट करता येईल.
• स्वामित्वहक्काची मुदत आणि मुक्त परवान्यांचे स्वरूप सांगता येईल.
• मराठीच्या अध्यापनास उपयुक्त अशा ऑनलाइन साधनांचा परिचय करून देता येईल.
• वर्गात वापरावयाचे साधन निकषांवर पारखून घेता येईल.

४.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण भाषाध्यापनाच्या पारंपरिक साधनांचा विचार केला. शब्दकोश, विश्वकोश, पूरक वाचनाची पुस्तके आणि चित्रे ही साधने पूर्वी शाळेच्या कपाटात असली तरच शिक्षकाच्या हाती येत. ज्या शाळेत ग्रंथालय नाही, तेथे पाठ्यपुस्तक हेच एकमेव साधन ठरे. आज ही परिस्थिती बदलली आहे. शिक्षकाजवळ एक स्मार्टफोन असला, तरी विश्वकोशाचे खंड त्याला विनामूल्य वाचता येतात.

तथापि, साधन विनामूल्य वाचता येते म्हणून ते हवे तसे वापरता येते, असे नाही. तुमच्यापैकी अनेक जण अध्यापन करीत असाल किंवा पुढे करणार असाल. म्हणून ‘कोणते साधन कोठे मिळते?’ या प्रश्नाबरोबरच ‘त्या साधनाचे मला काय करता येईल?’ हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. प्रस्तुत घटकात या दोन्ही प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ यांतील भेद

ज्या साधनासाठी पैसे मोजावे लागत नाहीत, ते मोफत साधन होय. ज्या साधनात बदल करण्याची आणि ते इतरांना देण्याची परवानगी कर्त्याने आधीच देऊन ठेवलेली असते, ते मुक्त साधन होय. युनेस्कोने २००२ मध्ये भरविलेल्या परिषदेत अशा साहित्यासाठी ‘मुक्त शैक्षणिक संसाधने’ ही संज्ञा रूढ झाली. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड वायली यांनी मुक्त साहित्याच्या वापरकर्त्याला मिळणारे पाच अधिकार सांगितले आहेत : प्रत जवळ ठेवणे, वापरणे, बदल करणे, दुसऱ्या साहित्याशी जोडणे आणि वितरण करणे.

हा भेद दोन उदाहरणांवरून स्पष्ट होईल. बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. मात्र पुस्तकाचे सर्व हक्क मंडळाकडे असून लेखी परवानगीशिवाय त्यातील भाग उद्धृत करता येणार नाही, अशी सूचना पुस्तकातच छापलेली असते. म्हणजे पाठ्यपुस्तक मोफत आहे, पण मुक्त नाही. याउलट, प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीविव्हर’ या मंचावरील बालकथा मुक्त परवान्याखाली आहेत. लेखक व चित्रकार यांना श्रेय देऊन त्यांचा अनुवाद करता येतो, त्या छापता येतात आणि वाटताही येतात.

वर्गाच्या दृष्टीने हा भेद किती मोलाचा आहे, याचा विचार करा. मेळघाटातील मूल घरी कोरकू बोलते. खानदेशातील मूल अहिराणी बोलते. शाळेत आल्यावर त्याला प्रमाण मराठीत लिहिलेला धडा वाचावा लागतो. शिक्षकाने तो धडा मुलाच्या भाषेत तोंडी समजावून सांगितला, तर त्याला कोणी हरकत घेणार नाही. पण तोच धडा अहिराणीत लिहून, छापून केंद्रातील इतर शाळांना द्यावयाचा झाला, तर परवानगीचा प्रश्न उभा राहतो. मुक्त परवान्याच्या कथेबाबत हा अडसर नसतो. तेथे शिक्षक केवळ साहित्याचा ग्राहक राहत नाही. आपल्या मुलांसाठी साहित्य घडविणारा होतो. घरची भाषा आणि पुस्तकाची भाषा यांतील अंतर ज्या वर्गात अधिक, तेथे बदल करण्याचा अधिकार हीच मुक्त साधनाची खरी किंमत होय.

४.२.२ स्वामित्वहक्क आणि परवाने

भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार साहित्यकृतीवरील हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०११ पासून स्वामित्वमुक्त झाले. कुसुमाग्रजांचे निधन १९९९ मध्ये झाले. त्यांच्या कवितांवरील हक्क २०५९ अखेरपर्यंत राहील.

लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध झालेल्या कृतीची मुदत प्रकाशनवर्षावरून मोजतात. बहिणाबाई चौधरी यांचे निधन १९५१ मध्ये झाले आणि त्यांचा संग्रह १९५२ मध्ये प्रकाशित झाला. त्यामुळे त्यांच्या कवितांवरील हक्काची मुदत २०१२ अखेर संपली. परंतु त्याच संग्रहाला प्रस्तावना लिहिणारे आचार्य अत्रे १९६९ मध्ये निवर्तले, म्हणून त्या प्रस्तावनेवरील हक्क २०२९ अखेरपर्यंत कायम आहे. एकाच पुस्तकाच्या दोन भागांची स्थिती अशी भिन्न असू शकते. कवितेच्या गायनाच्या ध्वनिमुद्रणावरही स्वतंत्र हक्क असतो, हे ध्यानात ठेवावे.

अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेल्या प्रतींना या कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे. अभ्याससाहित्याच्या छायाप्रतींसंबंधीच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये या सवलतीचा व्यापक अर्थ लावला. तरीही वर्गापुरती प्रत काढणे आणि तीच प्रत सर्वांसाठी संकेतस्थळावर ठेवणे या भिन्न गोष्टी आहेत.

मुक्त साहित्यावर बहुधा ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवाना असतो. हे परवाने २००२ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. त्यांत चार अटी येतात : ‘बाय’ म्हणजे श्रेय द्या, ‘एसए’ म्हणजे बदललेली कृती त्याच परवान्याखाली द्या, ‘एनसी’ म्हणजे व्यापारी वापर करू नका, ‘एनडी’ म्हणजे बदललेली कृती वितरित करू नका. ‘एनडी’ ही अट असलेल्या कथेचा अनुवाद करून तो वाटता येणार नाही, हे यावरून लक्षात येईल.

४.२.३ मराठीच्या शिक्षकाला उपयुक्त साधने

(अ) कोश : तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली आकारास आलेला मराठी विश्वकोश ऑनलाइन वाचता येतो. नोंद वाचताना तो खंड केव्हा छापला गेला, हे पाहावे. १९६० मध्ये महाराष्ट्रात २६ जिल्हे होते. २०१४ मध्ये पालघरच्या निर्मितीनंतर ते ३६ झाले. अशी माहिती जुन्या नोंदीवरून देऊ नये. मोल्सवर्थ यांचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल कोशांमध्ये शोधता येतात. मोल्सवर्थमधील अर्थ एकोणिसाव्या शतकातील वापर दाखवितो, म्हणून आजच्या वापराशी त्याची तुलना करावी.

(आ) ग्रंथ आणि संदर्भ : मराठी विकिस्रोतावर प्रामुख्याने स्वामित्वमुक्त ग्रंथ आहेत. तेथे अनेक ग्रंथांच्या बाबतीत मूळ पानाचे छायाचित्र आणि टंकलिखित मजकूर शेजारी ठेवून पडताळता येतो. मराठी विकिपीडिया २००३ पासून सुरू आहे. तो कोणालाही संपादित करता येतो, म्हणून तेथील माहिती अंतिम न मानता तिच्या आधारांपर्यंत पोहोचावे.

(इ) पाठ्यक्रमाशी जोडलेले साहित्य : केंद्र शासनाच्या ‘दीक्षा’ मंचाचा आरंभ २०१७ मध्ये झाला. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडद्वारे त्या पाठाशी संबंधित साहित्य उघडते. ते ॲपमध्ये उतरवून ठेवल्यास इंटरनेटशिवायही दाखविता येते.

४.२.४ निवडीचे निकष

साधन वर्गात नेण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत.

१) मजकूर विश्वसनीय आहे का? नामवंत लेखकांच्या नावावर भलत्याच कविता समाजमाध्यमांतून फिरत असतात. छापील संग्रहात न सापडलेली कविता त्या कवीची म्हणून शिकवू नये. चुकीची संहिता एकदा फळ्यावर लिहिली गेली, की ती सगळ्या वर्गाच्या वह्यांत उतरते.

२) परवाना कोणता आहे? तो नोंदलेला नसेल, तर सर्व हक्क राखीव आहेत, असे समजून चालावे.

३) पाठाच्या उद्दिष्टाशी त्याचा मेळ आहे का? चित्रफीत आकर्षक आहे, एवढे कारण पुरेसे नाही. ‘खोपा’ या शब्दाचे घरटे आणि केसांचा अंबाडा हे दोन्ही अर्थ मुलांनी स्वतः कोशात शोधले, तर तो पाच मिनिटांचा शोध अर्ध्या तासाच्या चित्रफितीपेक्षा अधिक शिकवून जातो.

४) ते सर्व मुलांपर्यंत पोहोचेल का? घरी फोन नसलेल्या मुलाला ऑनलाइन गृहपाठ दिला, तर साधनच विषमतेचे कारण बनते. अशा वेळी शिक्षकाने साहित्य आधी उतरवून ठेवावे, आवश्यक तेवढे छापावे किंवा फळ्यावर लिहावे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१) मुक्त साधनाचे व्यवच्छेदक लक्षण कोणते?
२) २००० मध्ये निधन पावलेल्या लेखकाच्या, हयातीत प्रकाशित झालेल्या साहित्यावरील हक्क केव्हापर्यंत राहील?
३) ‘एनडी’ ही अट काय सांगते?

४.३ सारांश

ऑनलाइन साधनांमुळे ग्रंथालय नसलेल्या शाळेतही कोश, ग्रंथ आणि कथा पोहोचू शकतात. मात्र मोफत मिळणारे प्रत्येक साधन मुक्त नसते. मुक्त साधन शिक्षकाला बदलाचा व वितरणाचा अधिकार देते आणि त्यामुळे मुलांच्या भाषेत साहित्य निर्माण करणे शक्य होते. विश्वसनीयता, परवाना, उद्दिष्टाशी मेळ आणि सर्वांपर्यंत पोहोच या चार निकषांवर साधन पारखणे हे शिक्षकाचे काम आहे.

४.४ पारिभाषिक शब्द

स्वामित्वहक्क : कृतीच्या प्रती काढणे, अनुवाद करणे, प्रकाशन करणे यांवरील कर्त्याचा कायदेशीर अधिकार.
स्वामित्वमुक्त : हक्काची मुदत संपल्याने सर्वांना वापरता येणारे.
परवाना : कृतीचा वापर कोणत्या अटींवर करता येईल, हे सांगणारी कर्त्याची अनुमती.

४.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्नांची उत्तरे

१) त्यात बदल करण्याची व ते इतरांना देण्याची परवानगी कर्त्याने आधीच दिलेली असते.
२) २०६० अखेरपर्यंत.
३) बदललेली कृती वितरित करू नये.

४.६ स्वाध्याय

१) ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ साधनांतील भेद उदाहरणांसह स्पष्ट करा.
२) ऑनलाइन साधनाच्या निवडीचे निकष सांगून त्यांचे महत्त्व विशद करा.

क्षेत्रीय कार्य : मुक्त परवान्याची एक छोटी मराठी बालकथा निवडा. तुमच्या परिसरातील बोलीत तिचा अनुवाद करा व मूळ लेखक, चित्रकार आणि परवाना यांची नोंद त्यावर करा. तो अनुवाद त्या बोलीत बोलणाऱ्या एखाद्या मुलाला वाचून दाखवा. ज्या शब्दांपाशी ते मूल अडखळेल, ते शब्द बदलून दुसरा मसुदा तयार करा आणि दोन्ही मसुदे संपर्कसत्रात सादर करा.