स्पॅनिश भूतकाळ आणि मराठी लाख्यात : एक तौलनिक टिपण

स्पॅनिश कथात्म साहित्य मूळ भाषेतून मराठीत आणावयाचे झाल्यास शब्दसंग्रहाइतकाच क्रियारूपांचा विचार अगत्याचा ठरतो. नियमित क्रियापदाचे साधे भूतकालीन रूप कोणती माहिती देते व कोणती देत नाही, हे तपासणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

स्पॅनिश क्रियापदे अंत्य प्रत्ययानुसार -आर, -एर व -इर अशा तीन गणांत विभागली जातात. हा प्रत्यय काढून उरलेल्या अंगास पुरुष-वचनदर्शक प्रत्यय लागतात. ‘आब्लार’ (बोलणे) या क्रियापदाची पूर्ण भूतकाळातील रूपे अशी : आब्ले (मी), आब्लास्ते (तू), आब्लो (तो, ती किंवा आदरार्थी आपण), आब्लामोस (आम्ही), आब्लास्तेइस (तुम्ही), आब्लारोन (ते, त्या). -एर व -इर या गणांचे प्रत्यय मात्र एकच आहेत. ‘कोमेर’ (खाणे) पासून कोमी, कोमिस्ते, कोमिओ. कोमिमोस, कोमिस्तेइस, कोमिएरोन. लॅटिन अमेरिकेत ‘तुम्ही’चे स्वतंत्र रूप प्रचारात नाही, तेथे ‘आब्लारोन’ हेच वापरतात. येथे आघातही अर्थभेदक आहे : ‘आब्लो’मध्ये पहिल्या अक्षरावर आघात असल्यास ‘मी बोलतो’, अंत्य अक्षरावर असल्यास ‘तो बोलला’.

ही रूपे लॅटिनच्या पूर्णकालवाचक आख्यातांपासून आली असल्याने त्यांत पुरुष व वचन टिकले. लिंगाला तेथे स्थानच नव्हते. मराठी लाख्याताची घडण निराळी आहे. ते संस्कृतातील ‘क्त’प्रत्ययान्त कृदन्तापासून विकसित झाले. कृदन्त हे विशेषणासारखे असल्याने लिंग-वचनाचा विकार त्याला होतोच. ‘कोमी’ हे रूप खाल्लेल्या वस्तूनुसार बदलत नाही. मराठीत मात्र आंबा खाल्ला, कैरी खाल्ली, केळे खाल्ले असे कर्मानुसारी भेद अनिवार्य आहेत.

भाषांतरकाराची खरी अडचण येथूनच सुरू होते. प्रथमपुरुषी निवेदकाच्या ‘आब्ले’ या रूपावरून तो पुरुष की स्त्री हे कळत नाही. मराठीत ‘मी बोललो’ किंवा ‘मी बोलले’ यांपैकी एक निवडावेच लागते. मूळ लेखकाने न सांगितलेली गोष्ट अशा रीतीने भाषांतराच्या पहिल्याच वाक्यात उघड होऊ शकते. म्हणून आधी संहितेतील विशेषणे पाहावीत. ‘कान्सादो’ (थकलेला) व ‘कान्सादा’ (थकलेली) यांसारख्या शब्दांतून लिंगनिर्देश मिळतो. तो मिळत नसेल आणि ती संदिग्धता हेतुपुरस्सर असेल, तर मराठीचा कर्मणि प्रयोगच साहाय्यास येतो. ‘मी सांगितले’, ‘मी पत्र लिहिले’, ‘मला आठवले’ या रचनांत वक्त्याचे लिंग प्रकट होत नाही. गमनवाचक क्रियापदांबाबत (गेलो, गेले) ही सोय उरत नाही, ही तिची मर्यादा होय.

याउलट अपूर्ण भूतकाळात मराठी अधिक सूक्ष्म आहे. ‘आब्लाबा’ या एकाच रूपाने ‘बोलत होता’ ही चालू क्रिया आणि ‘बोलत असे’ ही रीती, असे दोन्ही अर्थ व्यक्त होतात. शिवाय ‘मी’ व ‘तो’ यांचे हे रूप समानच असल्याने कर्ताही संदर्भावरूनच ठरवावा लागतो. एका प्रसंगाचे वर्णन आणि वर्षानुवर्षांची सवय यांतील भेद मराठी वाचकाला प्रत्ययास आणून देणे हे येथे भाषांतरकाराचे काम आहे. सर्वत्र ‘होता’ योजल्यास कथनातील काळाचा विस्तार आक्रसतो.

तात्पर्य, रूपावली पाठ करणे ही केवळ पूर्वतयारी होय. एका भाषेचे क्रियारूप जे अनुक्त ठेवते ते दुसऱ्या भाषेचे रूप वदवून घेते; ते कोठे वदवावे आणि कोठे टाळावे, हा निर्णय व्याकरणाच्या जाणकारीवाचून घेता येत नाही.