युनिटं सोळाच वाढली, मग बिल तिप्पट कसं?

प्रश्न : आम्ही बालाघाट शहरात राहतो. मार्चच्या बिलात 146 युनिटं होती, एप्रिलच्या बिलात 162. वाढ सोळा युनिटांची, पण रक्कम जवळजवळ तिप्पट! माझी बहीण गोंदियाला असते, तिचं बिल असं उसळत नाही. आमचा मीटर पळतोय का? आणि बिल किती येणार हे आधी कळू शकतं का?
— एक वाचक, बालाघाट

उत्तर : मीटरवर आळ घेण्याआधी 150 हा आकडा बघा. तुमचं बिल तिथेच फिरलं आहे.

मध्य प्रदेशात 2019 साली इंदिरा गृहज्योती नावाने आलेली आणि आता अटल गृहज्योती म्हणून ओळखली जाणारी सवलत आहे. महिन्याचा वापर 150 युनिटांच्या आत असेल, तर पहिल्या 100 युनिटांचे फक्त 100 रुपये लागतात. वरच्या युनिटांना नेहमीचा दर. वापर 150च्या पुढे गेला, की सवलत फक्त वरच्या युनिटांवरून जात नाही, पहिल्या शंभरावरूनही जाते.

आकडे मांडून बघू. राज्याच्या विद्युत नियामक आयोगाच्या 2023-24च्या दरपत्रकात पहिल्या 50 युनिटांना 4.27 रुपये, 51 ते 150ला 5.23 आणि 151 ते 300ला 6.61 रुपये दर होता. दर पुढे बदलतात, म्हणून चालू दर आपल्या बिलावरून घ्या. हिशेबाची रीत हीच. या दरांनी मार्चच्या 146 युनिटांचे 100 अधिक 46 गुणिले 5.23, म्हणजे सुमारे 341 रुपये होतात. एप्रिलच्या 162 युनिटांचे मात्र 213.50 अधिक 523 अधिक 79.32, म्हणजे सुमारे 816. ही नुसत्या विजेची किंमत.

त्यावर ‘नियत प्रभार’, म्हणजे स्थिर आकार, चढतो. 150 युनिटांच्या पुढे मध्य प्रदेशात तो वापराप्रमाणे वाढतो : दर 15 युनिटं किंवा त्यांचा भाग म्हणजे 0.1 किलोवॉट भार, असं धरतात. 162 युनिटांना 1.1 किलोवॉट, 200 युनिटांना 1.4. मग विद्युत शुल्क आणि इंधन व वीजखरेदीचं समायोजन. सगळं मिळून तिप्पट होतं, ते असं.

गोंदिया बालाघाटला लागून असलं तरी तिथे महावितरणची वीज आणि महाराष्ट्राच्या आयोगाचे दर आहेत. टप्पे 100, 300 आणि 500 युनिटांवर बदलतात आणि वाढीव दर फक्त त्या टप्प्यातल्या युनिटांना लागतो. सिंगल फेज घरगुती जोडणीचा स्थिर आकार युनिटांबरोबर हलत नाही. म्हणून बहिणीची सोळा युनिटं वाढली, तर तिचं बिल सोळा युनिटांपुरतंच वाढतं.

आता अंदाज. उपकरणाचे वॉट गुणिले चालण्याचे तास, भागिले 1000, की युनिटं मिळाली. जुना 75 वॉटचा पंखा 16 तास चालला, की दिवसाला 1.2 युनिट, महिन्याला 36. तोच पंखा 30 वॉटच्या बीएलडीसी मोटारीचा असेल तर महिन्याला साडेचौदाच्या आत. 200 वॉटचा कूलर रोज 10 तास म्हणजे महिन्याला 60 युनिटं. एप्रिलमधली तुमची वाढ बहुधा याच खात्यातली. दोन हजार वॉटचा गिझर अर्ध्या तासात एक युनिट खातो. फ्रिजचा हिशेब वॉटवरून करू नका, कारण त्याचा कॉम्प्रेसर थांबत-थांबत चालतो. स्टार लेबलवर वर्षाची युनिटं छापलेली असतात, त्यांना 12ने भागा.

मीटरची शंका उरलीच असेल, तर घरातलं सगळं बंद करा. मीटरचा लाल दिवा लुकलुकत राहिला, तर वीज कुठेतरी वाहते आहे. वायरमनकडून तपासून घ्या. दिवा थांबला, तर 100 वॉटचा जुना पिवळा बल्ब एकटाच लावा. मीटरवर ‘3200 इम्पल्स प्रति युनिट’ असं लिहिलं असेल, तर दिवा मिनिटाला साधारण पाच वेळा, तासाला 320 वेळा लुकलुकायला हवा. त्याहून फार जास्त वेळा लुकलुकला, तर 1912 क्रमांकावर तक्रार नोंदवून मीटर तपासणी मागा. तिथे दाद लागली नाही, तर जबलपूरच्या विद्युत उपभोक्ता तक्रार निवारण फोरमकडे जाता येतं. बिलात मागची थकबाकी किंवा सरासरी रीडिंग नाही ना, हेही त्याआधी बघून घ्या.

आणि रोजची सवय म्हणून एकच आकडा लक्षात ठेवा : दिवसाला 5 युनिटं. सवलतीची मर्यादा याच सरासरीवर मोजतात, म्हणून रीडिंगला तीसच्या ऐवजी तेहतीस दिवस लागले, तर मर्यादाही 165 होते. रीडिंग घेतल्याच्या तारखेचा आकडा कॅलेंडरवर लिहा आणि दहाव्या दिवशी मीटर पुन्हा वाचा. फरक 50च्या वर गेला असेल, तर उरलेल्या वीस दिवसांत कूलरचा एखादा तास कमी करा. उन्हाळ्यात तेवढ्याने सवलत हातात राहू शकते.